“मना पोऱ्या कोनलेच काही देत नही” (माझा मुलगा कोणालाच काही देत नाही)

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका आईची सगळी तक्रार या एका वाक्यात मावली. मुलगा चार वर्षं आठ महिन्यांचा, बालवाडीत जाणारा. आश्विनात वर्गात शरद ऋतूचे उपक्रम सुरू झाले आणि त्याच आठवड्यात त्याने एका मुलीला दोनदा ढकललं. दुसऱ्या खेपेला तिचं कोपर खरचटलं. बाईंनी सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. त्याने ते म्हटलं, आणि अर्ध्या तासात पुन्हा ढकललं. घरी आजोबांनी निकाल देऊन टाकला होता: आप्पलपोटा. हा असाच राहील का, एवढंच आईला विचारायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

स्वभावावर बोलण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात: किती वाजता, कशावरून, कोणाशी. बाईंनी पाच दिवस वहीत फक्त तेवढंच टिपलं. सगळी ढकलाढकल साडेदहा ते अकराच्या मध्ये, म्हणजे डबा खाण्याआधी, आणि दर वेळी कापसाच्या टोपलीपाशी. मुलं चोवीस, टोपली एक, बोंडं पंधरा! मोठ्या माणसांतही एवढ्यावर कुरबूर झाली असती. घरचं चित्र वेगळं. बहीण सहा महिन्यांची, आणि “तू मोठा ना, दे तिला” हे वाक्य दिवसभर चालू. हातातून गेलेलं परत येत नाही, हे तो घरूनच शिकून आला होता. दुसऱ्याला काय वाटत असेल, हे या वयात नुकतंच उमगू लागलेलं असतं. ते उमगलं तरी पोटात भूक असताना हात आवरत नाही.

म्हणून आधी टोपली बदलली, मूल नंतर. शरद ऋतूसाठी कापूस निवडला हे बाईंचं उत्तमच. पुष्कळ वर्गांत अजून लाल-पिवळ्या मेपलच्या पानांचे छापील कागद रंगवून घेतात. आपल्याकडे पानं गळतात माघ-फाल्गुनात. आश्विनात खानदेशात दिसतो तो फुटलेला कापूस, झेंडू आणि आपटा.

सहा-सहा मुलांचे चार गट केले, प्रत्येक गटाला एक ताट आणि अठरा बोंडं, म्हणजे माणशी तीन. बोंडाच्या वाळलेल्या टरफलाची टोकं टोचतात, ती आधी नेलकटरने छाटून घ्यायची. बोंडात चार किंवा पाच कप्पे असतात. मुलाला एकाच कप्प्यातली सरकी सोडवू द्यावी. धागे इतके चिवट चिकटतात की दुसऱ्या कप्प्यापर्यंत बोटं दमतात आणि चिडचिड सुरू होते. सरकी मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, कारण ती नाकात-कानात घालणारं एखादं मूल असतंच. कापसावर फवारणी झालेली असते, तेव्हा डब्याआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. डब्याची वेळही वीस मिनिटं अलीकडे आणली.

पहिला आठवडा असा मुबलकतेचा. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम एक वस्तू कमी ठेवली: हँगरला दोन वाट्या टांगून केलेले तराजू, सहा जणांत दोन. सोबत दोन वाक्यं पाठ करून घेतली. ज्याच्या हातात तराजू आहे त्याचं “माझं झालं की देतो”, थांबणाऱ्याचं “तुझं झालं की मला?” मधल्या वेळेसाठी पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ. इथे चूक होते ती मोठ्यांकडून. वाळू संपायच्या आत बाई म्हणतात, “बस झालं, आता तिला दे,” आणि आठवडाभराची मेहनत एका वाक्यात वाया जाते. पाळी नक्की मिळते असा भरवसा बसला तरच मूल वस्तू सोडतं.

सॉरीची सक्ती बंद केली. ढकललंच, तर बाई आधी लागलेल्या मुलाकडे जातात आणि ढकलणाऱ्याला काम देतात: पाण्याचा पेला आण, सांडलेला कापूस तिच्यासोबत गोळा कर. घरचं “बहिणीला दिलंस तर चॉकलेट” हेही थांबवलं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करताना दिसली. त्याऐवजी घडलं तेवढं बोलायचं: “तू ताट धरलंस, म्हणून तिला दोन्ही हातांनी मोजता आलं.” आणि त्याच्या दोन खेळण्यांना बहिणीने हात लावायचा नाही, हे घरात ठरलं. आजोबांना हे पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

भिंतीवरच्या चांगुलपणाच्या तक्त्यावर मात्र फुली मारावी. चांदण्या नेहमी त्याच चार मुलांच्या नावापुढे साठतात आणि बाकीच्यांना आपण वाईट असल्याचं लेखी मिळतं.

खरा उपयोग झाला तो भुलाबाई या मुलींच्या गाण्यांच्या सणातल्या खाऊचा. गाणी झाल्यावर बंद डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, हा खेळ इथल्या घराघरांत महिनाभर चालतो. वर्गात तो मुलामुलींचा मिळून घेतला. नियम एकच: डबा आणणाऱ्याने आधी सगळ्यांना वाढायचं. एका गटापुरता, म्हणजे सहा जणांचा खाऊ. माणशी दोन, वर तीन जास्तीचे, कारण वाढणारा हमखास चुकतो आणि शेवटच्याला कमी पडलं की रडारड होते. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्यांना देऊ नयेत, घशात अडकतात. मुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू चालतो.

मारण्याने वारंवार जखमा होत असतील, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल किंवा मूल हाकेला वळतच नसेल, तर एवढ्यावर थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. या मुलात तसं काही नव्हतं. ढकलणं चौथ्या आठवड्यातही एकदा झालंच, पण त्या दिवशी डब्याला उशीर झाला होता.

पुढे एक दिवस डबा त्याचा होता. कितीही हलवला तरी आवाज येईना. लाडू झाले, चिवडा झाला, मुलं हरली. आत केळ्याचे काप होते. त्याने एकेकाच्या हातावर दोन-दोन ठेवले, ढकललेल्या मुलीच्याही. दोन काप त्याने आधीच झाकणात बाजूला काढून ठेवले होते. बाईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.