दोन बोटं आणि पाचशेचा स्टॅम्प

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझा प्रेस शॉपचा (दाबयंत्रावर पत्र्याचे भाग काढण्याचा) गाळा आहे. मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क करतो, सहा कामगार आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. वय 25, पगार 14,000. दवाखान्याचे 85,000 मी भरले. वर 50,000 रोख दिले आणि ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ असं त्याच्याकडून पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं. आता त्याचा भाऊ वकील गाठून आलाय. मशीनचा गार्ड त्या पोरानंच काढला होता. आम्हाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नाही, दुसरा विमाही नव्हता. माझी जबाबदारी संपली ना? आणि आता विमा काढला तर उपयोग होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, जबाबदारी संपलेली नाही. वकिलाच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा ते माझ्याकडून आत्ताच कळलेलं बरं. मी एकतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. त्यातली निम्मी याच शहरात, उद्यमनगर आणि शिरोलीच्या फायली बघण्यात गेली. तुमच्यासारखा कागद मी अनेकदा हातात घेतलाय.

तो स्टॅम्प कितीचाही असो, कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडला असं लिहून देणं 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल आहे. मालक-कामगारात रकमेचा समझोता होऊ शकतो, पण तो भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावा लागतो. रक्कम फारच तुटपुंजी आहे असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारतात. हाताला बँडेज असताना, घरभाडं थकलेलं असताना पोरगा कशावरही सही करतो, म्हणून ही तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी.

दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे तुम्हाला ईएसआय लागू नाही, हे खरं. ईएसआय असता तर त्या पोराला महामंडळाकडून पैसे मिळाले असते आणि तुमच्याकडे मागता आले नसते. तो नाही, म्हणून सगळा भार तुमच्यावर. भरपाईच्या कायद्याला माणसांच्या संख्येची अट नाही. विजेवर मशीन चालवून माल बनवणाऱ्या गाळ्यात एकच कामगार असला तरी तो लागू होतो.

आता हिशेब मांडू. कायमच्या अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराचे 60 टक्के धरतात : 14,000 चे 8,400. (पगार 15,000 च्या वर असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात.) याला वयाच्या गुणकानं गुणायचं. पंचविसाव्या वर्षासाठी तो 216.91 आहे, म्हणजे पूर्ण अपंगत्वाचे 18,22,044 रुपये. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताच्या दोन बोटांसाठी 20 टक्के दिलेत. रक्कम येते 3,64,409 रुपये. अंगठा गेला असता तर 30 टक्के, चारही बोटं गेली असती तर 50.

दवाखान्याचे 85,000 यातून वजा होत नाहीत. उपचाराचा खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. रोख दिलेल्या 50,000 ची पावती मात्र जपून ठेवा आणि आयुक्तांपुढे मांडा.

भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज. या रकमेवर ते महिन्याला साधारण 3,644 रुपये होतं. शिवाय उशिराला पटेल असं कारण नसेल तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणून माझं सांगणं : भावाशी भांडत बसू नका. जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी आयुक्तांकडे आधी जमा करा, बाकीचा वाद मागाहून घाला.

राहिला गार्ड. सुरक्षेचं साधन कामगारानं जाणूनबुजून काढलं हे सिद्ध झालं तर अशा दुखापतीत मालकाला सूट आहे. (मृत्यू झाला किंवा पूर्ण, कायमचं अपंगत्व आलं तर तीही नाही.) पण सिद्ध करायचं तुम्ही. शिरोलीतल्या एका गाळ्यात मी पाहणीला गेले होते. मालक तुमच्यासारखंच सांगत होते. गार्ड भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता आणि त्यावर बोटभर तेलकट धूळ होती. शेजारच्या दोन प्रेसनाही गार्ड नव्हते. गार्ड लावला की तासाला नग कमी पडतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि आयुक्तांनाही. तुमच्या बाकीच्या मशीनवर आज गार्ड आहेत का, हे स्वतः जाऊन बघा. हा दावा जिंकण्याहरण्याशी त्याचा संबंध नाही. उरलेल्या पाच जणांच्या बोटांशी आहे.

विम्याचं. झालेल्या अपघाताला आता काढलेली पॉलिसी चालत नाही. पुढच्यासाठी ‘एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन’ पॉलिसी याच महिन्यात काढा. बाजारात तिला अजून ‘वर्कमेन पॉलिसी’च म्हणतात. हप्ता ठरतो वर्षभराच्या एकूण पगारावर आणि कामाच्या प्रकारावर. घात इथेच होतो. हप्ता वाचवायला मालक सहापैकी चार नावं दाखवतात, प्रेस ऑपरेटरला ‘हेल्पर’ लिहितात, ओव्हरटाइम सोडून देतात. अशाच एका फायलीत जखमी झालेला पोरगा यादीत नव्हता. दावा नाकारल्याच्या पत्रावर सही माझी होती. कागदाप्रमाणे मी बरोबर होते, पण ती सही आजही आठवते. म्हणून सांगते, सगळी माणसं, खरा पगार, खरं काम लिहा. ठेकेदाराकडून आलेली माणसंही दाखवा. वैद्यकीय खर्चाची जादा तरतूद घ्या. साध्या पॉलिसीत ती असेलच असं नाही. व्याजाचं कलम सहीआधी वाचा. दंड मात्र तुमचा तुम्हालाच भरावा लागतो.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सगळ्यांचा काढलाय, असं काही मालक मला समाधानानं सांगतात. तो काढाच. पण त्यात अंशतः अपंगत्वाचा एक लाख मिळतो तो अख्खा हात, पाय किंवा एक डोळा गेल्यावर. दोन बोटांना काही नाही, आणि तुमची कायदेशीर जबाबदारी त्यानं रुपयानंही कमी होत नाही.

एक लक्षात ठेवा : 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमच्याकडचा अपघात आधीचा, म्हणून मी 1923 च्या कायद्यानं बोलले. नव्या संहितेतही मालकाची ही जबाबदारी कायम आहे.

प्रश्न : जयसिंगपूरला माझं धान्याचं गोदाम आहे. पावसाळ्याआधी सिमेंटचे पत्रे बदलायला दोन रोजंदारीची माणसं दोन दिवसांसाठी लावणार आहे. एवढ्याशा कामाला विमा लागतो का?
– एक व्यापारी

उत्तर : तुम्ही माणूस वर चढवण्याआधी विचारलंत, फार बरं वाटलं. हो, काढाच. पूर्वी अधूनमधून लावलेला, धंद्याबाहेरच्या कामाचा मजूर 1923 च्या भरपाई कायद्यात बसत नसे. 2000 सालच्या दुरुस्तीनं ती पळवाट बंद झाली. छपराचं टोक जमिनीपासून बारा फूट किंवा जास्त असेल तर अशा इमारतीची दुरुस्ती कायद्याच्या यादीत आहेच, आणि गोदाम बहुधा त्याहून उंच असतं. तुमच्या विमा एजंटाला त्या कामापुरती पॉलिसी मागा, तीत ‘उंचीवरचं काम’ स्पष्ट लिहून घ्या. काम ठेकेदाराला देणार असाल तर त्याच्या पॉलिसीची प्रत हातात आल्याशिवाय शिडी लावू देऊ नका.

जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडला की फुटतो. पत्र्यावर आडव्या लांब फळ्या टाका, फळी सोडून कुणाला पाय टाकू देऊ नका, कमरेचा पट्टा घेऊन तो कैचीला (पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याला) बांधायला लावा. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला असेल तर काम एक दिवस पुढे ढकला.