स्ट्रोकला आठ महिने झाले, आता व्यायामाने वडिलांचं चालणं सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना स्ट्रोक येऊन आठ महिने झाले, डावी बाजू गेली होती. आता घरातल्या घरात काठी धरून चालतात, पण पाय ओढतात. सहा महिन्यांनंतर काही फरक पडत नाही असं सगळे सांगतात. आणि ट्रेडमिल घ्यावी का, असाही प्रश्न आहे.

सुधारेल. कितपत ते त्यांना न बघता कुणीच सांगू शकणार नाही, पण सुधारेल. मी एवढं लांबलचक लिहायला बसलेय ते मात्र तुमच्या दुसऱ्याच एका वाक्यामुळे. "आम्ही त्यांना एकट्याने उठूसुद्धा देत नाही, इतकी काळजी घेतो." हे वाचलं आणि मला माझी ताई आठवली.

माझीही डावीच बाजू. सहा वर्षांपूर्वी, वय ५२. हॉस्पिटलमधून तिसऱ्या आठवड्यात घरी आले तेव्हा ताई सगळं सोडून माझ्याकडे राहायला आली. तिने जे केलं त्याला तोड नाही. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलून द्यायची, त्यामुळे पाठीवर एक जखम झाली नाही. लुळ्या हाताखाली उशी कशी ठेवायची हे नर्सकडून शिकून घेतलं होतं. पण मला उठायचं असलं की ती समोर उभी राहायची, दोन्ही काखांत हात घालायची, "एक, दोन, तीन" म्हणायची आणि मी उभी! मी पाण्याकडे नुसतं बघितलं तरी ग्लास हातात यायचा. (काखेत हात घालून उचलू नका, हे इथेच सांगून टाकते. लुळ्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो, तो सांध्यातून खाली उतरतो. माझा अजून दुखतो.)

चौथ्या महिन्यात फिजिओने विचारलं, "दिवसातून किती वेळा खुर्चीतून उठता?"

मी म्हटलं, पंधरा-सोळा वेळा.

"त्यातलं स्वतःहून किती वेळा?"

मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "अहो, मी असते ना. पडेल ती."

तो म्हणाला, "म्हणजे उठण्याचा व्यायाम रोज ताईंचा होतोय, तुमचा नाही."

मग त्याने ताईला बाजूला बसवलं. खुर्चीवर दोन उश्या टाकून बैठक उंच केली, कारण जितकं खाली बसाल तितकं उठणं कठीण. माझी दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढून घेतली, आणि डावं पाऊल उजव्याच्याही चार बोटं मागे ठेवलं. हे महत्त्वाचं. दुबळं पाऊल पुढे राहिलं तर सगळा भार चांगला पायच उचलतो आणि दुबळ्याला काही कामच उरत नाही. मागे ठेवलं की त्याला भार घ्यावाच लागतो. हात एकमेकांत गुंफायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे, आणि मग उठायचं. तो डाव्या बाजूला उभा होता, मला हात न लावता. सात वेळा मी जागची हललेसुद्धा नाही. आठव्या वेळी बूड तीन-चार इंच वर आलं आणि परत आदळलं. डावी मांडी थरथर कापत होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो पाय माझा आहे असं मला आतून कळलं.

त्या रात्री ताईशी भांडण झालं. मी म्हटलं, उद्यापासून हात लावायचा नाही. ती म्हणाली, पडलीस आणि खुब्याचं हाड मोडलं तर कोण बघणार? मी म्हटलं, तुझ्या मायेनं माझा पाय मारला. हे बोलायला नको होतं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण मुद्दा बरोबर होता आणि आजही त्यावर मी ठाम आहे. जो पाय वापरला जात नाही त्याला मेंदू हिशेबातूनच काढून टाकतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आधी माकडांवर आणि मग स्ट्रोकच्या रुग्णांवर हाताच्या बाबतीत हेच दाखवलं. हालचाल शक्य असूनही न वापरण्याची सवय लागते, आणि ती सवय मोडता येते.

आता तुमच्या सहा महिन्यांबद्दल. शरीर आपणहून जे परत देतं त्यातलं बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतं, हे खरं आहे. पण त्यानंतर दार बंद होतं, हे खरं नाही. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. काहींना दुसऱ्या महिन्यापासून ट्रेडमिलवर, पट्ट्यांनी शरीराचा थोडा भार उचलून धरून चालवलं. काहींना तेच सहाव्या महिन्यापासून सुरू केलं. तिसऱ्या गटाला फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर तिन्ही गटांची चाल सारखीच सुधारली होती. एकूण ५२ टक्के लोक चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले होते. म्हणजे सहाव्या महिन्यात सुरू केलेले मागे राहिले नाहीत, आणि मशीनवाले घरच्या व्यायामवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. ट्रेडमिलचं उत्तर यातच आलं. घ्यायचीच असेल तर फिजिओला विचारून घ्या, पण एकट्याने त्यावर चढायचं नाही.

मग काय लागतं? संख्या. २००९ मध्ये संशोधकांनी स्ट्रोकनंतरच्या ३१२ थेरपी सत्रांत बसून मोजदाद केली. ज्या सत्रांत चालण्याचा सराव होता, त्यांत सरासरी ३५७ पावलं भरली. निरोगी माणूस दिवसाला काही हजार पावलं चालतो. म्हणून फिजिओचा पाऊण तास म्हणजे शिकवणी, अभ्यास उरलेल्या दिवसात करायचा असतो. बिछान्यात झोपून कुणीतरी पाय वरखाली करून देण्याने सांधे आखडत नाहीत, त्याचा तेवढाच उपयोग. त्याने चालता येत नाही. चालणं चालूनच येतं, उठणं उठूनच.

माझी सुरुवात रोज दहा वेळा उठण्यापासून झाली. महिन्याअखेर पन्नास, आणि एकेक उशी काढत खुर्ची नेहमीच्या उंचीवर आली. मग ओट्याला धरून दोन्ही पायांवर आळीपाळीने भार टाकणं, उजवा पाय छोट्या पाटावर ठेवून सगळा भार डाव्यावर घेणं, टाचा उचलणं, बाजूला पावलं टाकणं. आणि चालणं. व्हरांड्यात मी जमिनीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या, दहा मीटर अंतरावर. अलीकडे-पलीकडे दोन-दोन पावलं मोकळी ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या दिवशी ४६ सेकंद. ताईशी बोलणं सुरू झालं होतं, पण ती आकडा विचारायची नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहायचे. हे मनाच्या समाधानासाठी नव्हतं. २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत काही रुग्णांना रोज दहा मीटर चालवून वेळ सांगायचे, बाकीच्यांना सांगायचे नाहीत. थेरपी दोघांना सारखीच. घरी जाताना ज्यांना आकडा कळत होता ते सेकंदाला ०.९१ मीटर चालत होते, बाकीचे ०.७२.

दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर माणूस बहुधा घरापुरताच चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला की बाहेर सहज वावरतो. नवव्या महिन्यात माझे २७ होते. म्हणजे तुमचे वडील आज जिथे आहेत त्याच्या पुढच्या महिन्यात मी अजून घरातच होते. चौदाव्या महिन्यात १७ झाले. आज १३ ते १४ आहेत. साडेबारा झालेले नाहीत, आणि मोजणं मी अजून थांबवलेलं नाही.

पाय ओढण्याचं म्हणाल तर त्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाचा चवडा वर उचलला जात नाही, कुणाची पोटरी कडक होऊन टाच टेकू देत नाही, कुणाचा गुडघा वाकत नाही म्हणून पाय बाहेरून फिरवून आणावा लागतो. प्रत्येकाचा उपाय निराळा. वडिलांच्या डाव्या बुटाचा तळ बघा. पुढचं टोक घासलं असेल तर चवडा अडकतोय. त्यासाठी पोटरीमागून तळव्यापर्यंत येणारी स्प्लिंट मिळते, एएफओ. तिची सवय लागेल म्हणून मी पाच महिने घातली नाही. ती माझी चूक होती. घातल्यावर पहिल्याच दिवशी बाथरूमच्या दाराच्या पट्टीला अंगठा अडकला नाही, आणि अंगठा अडकत नाही म्हटल्यावर नजर जमिनीवरून वर आली. काठी चांगल्या हातात धरायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

ताईची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. सातव्या महिन्यात मी पडले. वळताना. हाड मोडलं नाही, पण जमिनीवर अर्धा तास बसून होते, कारण जमिनीवरून कसं उठायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. फिजिओकडून ते आधी शिकून घ्या. आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत तर ताईचं सावधपण बरोबरच होतं. पाच देशांत २१०४ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत असं दिसलं की पहिल्या २४ तासांतच उठवून खूप जास्त वेळ हालचाल करायला लावली तर तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट वाईट राहते. सुरुवातीला थोडं थोडं, पण वारंवार. तुमच्या वडिलांना आठ महिने झालेत, त्यांना हे लागू नाही. पण व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून बीपी आणि हृदय तपासून घ्याच. छातीत दुखलं, चक्कर आली, एखादी पोटरी सुजून दुखायला लागली तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. बोलणं अडखळलं किंवा अशक्तपणा अचानक वाढला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि ज्यांच्या मेंदूला फार मोठी इजा झालीय त्यांना कितीही मेहनत केली तरी आधाराशिवाय चालता येतंच असं नाही. यात त्यांचा आळस किंवा दोष शोधू नका.

ताई गेल्या महिन्यात आली होती. मी उठले तेव्हा तिचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. मी काही बोलले नाही, तीही नाही.

उद्या सकाळी वडिलांना खुर्चीतून उठू द्या. त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी जवळ उभे राहा, हात तयार ठेवा, पण लावू नका. डावं पाऊल मागे आहे ना तेवढं बघा. किती वेळात जमलं, किती वेळा जमलं, ते लिहून ठेवा. महिन्याभराने आकडे इथे टाका, मी वाचेन.