नेकला एक पावसाळा बघू दे

प्रिय मित्रा,

पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वतःसाठी, जमली तर पुढच्या विकायला, आणि हे सगळं नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. बेत चांगला आहे. तुझे बहुतेक प्रश्न मात्र लाकडाच्या आवाजाबद्दल आहेत: मेपल घेऊ की महोगनी, सागवान चालेल का. त्याआधी वेगळा प्रश्न विचार. पुण्यात मार्चमध्ये बनलेली गिटार जुलैत दादरच्या घरात आणि पुढच्या मे महिन्यात नागपुरात कशी वागेल?

मुंबईच्या पावसात उघडं लाकूड १६-१८ टक्के ओलाव्यापर्यंत जातं, विदर्भाच्या उन्हाळ्यात ५-६ टक्क्यांवर येतं. नेक म्हणजे गिटारची लांब दांडी, आणि फ्रेटबोर्ड ही तिच्यावरची बोटं टेकायची लाकडी पट्टी. फ्रेटबोर्ड नेकच्या टाचेजवळ, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला, साधारण ५६ मिलिमीटर रुंद असतो. एवढ्या फरकाने तो रुंदीत अर्धा मिलिमीटर सहज आक्रसतो. त्यात आडवे बसवलेले धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात. नेकचा बाक बदलतो, तारा खाली येतात, खरखर सुरू होते. विकलेली गिटार परत येते ती बहुतेक यामुळेच. आवाज आवडला नाही म्हणून परत आलेली क्वचितच.

म्हणून पिन असलेला ओलावा मोजायचा मीटर आधी घे, राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) नंतर. नेकचं लाकूड ८ ते १० टक्क्यांवर स्थिर झाल्याशिवाय कापू नकोस. स्थिर म्हणजे दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले आकडे सारखे. चिकटवणं, फ्रेट बसवणं आणि पॉलिश ही कामं नोव्हेंबर ते मेमध्ये उरक. पावसाळा वायरिंगला, टेम्प्लेट बनवायला, अवजारांना धार लावायला ठेव.

आता लाकूड. नेकसाठी मला आपलं सागवान पसंत आहे. ओलावा बदलला की मेपल जेवढं हलतं, त्याच्या जवळपास निम्मंच सागवान हलतं, आणि ताठपणात ते फारसं मागे नाही. इथे सहज मिळणारं स्टीम बीच दिसायला छान, पण आपल्या हवेत फार हलतं, नेकसाठी टाळ. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब मिळाले तर उत्तम, कारण ते लाकूड अनेक वर्षं हलून-हलून शांत झालेलं असतं. फक्त आधी जोरदार चुंबक फिरव. आत तुटलेला खिळा असला तर रंध्याचं पातं जातं आणि राऊटरचं बिट उडतं. सागवानात सिलिका असते, पटाशीची धार भरभर जाते. शिवाय ते तेलकट असतं, म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी, ॲसिटोनने पुसून, मगच चिकटव.

अख्ख्या फळीपेक्षा तीन पट्ट्या चिकटवून नेक कर. टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. मधली पट्टी उलटी फिरवून लाव, म्हणजे एकीचा पीळ दुसरी अडवते. गोंद पिवळा टाइटबाँड ओरिजिनल. साधा पांढरा पीव्हीए बॉडीच्या जोडाला चालतो, पण तारांच्या सततच्या ताणाखाली आणि तापलेल्या गाडीच्या डिकीत तो हळूहळू सरकतो. नेकचा तुकडा ५ मिलिमीटर जास्त जाड ठेवून काप, तीन आठवडे भिंतीला उभा ठेव, मग सरळ कर. ट्रस रॉडची (नेकचा बाक जुळवणाऱ्या, आत बसवलेल्या सळईची) खाच पाडल्यावर पुन्हा आठवडाभर थांब. या थांबण्यात काही काम होत नाही, म्हणून नवशिके ते गाळतात. वाकडा नेक मात्र तिथेच जन्मतो.

बॉडीला तून किंवा शिवण या झाडांचं लाकूड बघ. तून मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या वापरतात. वजनाला हलकं, कोरायला सोपं. ४५ मिलिमीटर जाडीची भरीव सागवानी बॉडी एकटीच पावणेतीन किलोच्या आसपास जाते, तुनाची साधारण दोन. पूर्ण गिटार साडेतीन किलोपर्यंत राहिली तर दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा वाचतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुख्यतः पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग), त्याची जागा, तारा आणि फ्रेटची सफाई ठरवते. लाकडाच्या आवाजावर महिनाभर वाचत बसशील, त्यापेक्षा तो महिना फ्रेटला दे.

आकार टेलिकास्टरच्या धर्तीवरचाच ठेव. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास केलेली ती रचना मुळातच कारखान्यात पटकन जुळवता यावी अशी आहे: सपाट बॉडी, चार स्क्रूंनी धरलेला नेक, हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) मागे झुकाव नाही. तुझ्या दृष्टीने मोठी सोय अशी, की नेक बिघडला तर फक्त नेक बदलायचा.

स्केल, म्हणजे नट (हेडस्टॉकजवळची तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) ही तारेची लांबी, ६४८ मिलिमीटर घे. पहिला फ्रेट नटपासून ६४८ भागिले १७.८१७, म्हणजे ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भाग, दुसरा ७०.७० वर येतो. बारावा बरोबर ३२४ वर आला पाहिजे. हाच ताळा. आखताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोज. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलास तर दर वेळची थोडी-थोडी चूक साठत जाते आणि वरचे सूर कधीच जुळत नाहीत. स्टीलची पट्टी आणि धारदार सुरी वापर. पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते.

फ्रेटच्या खाचेची रुंदी ०.६ मिलिमीटरच्या आसपास, खोली फ्रेटच्या टँगपेक्षा (लाकडात रुतणाऱ्या भागापेक्षा) अर्धा मिलिमीटर जास्त. खाच अरुंद राहिली तर २२ फ्रेट २२ पाचरींसारखे ठोकले जातात आणि नेक मागे वाकतो. मग ट्रस रॉड फिरवून ते सावरणं अवघड जातं. खाच सैल झाली तर फ्रेट उचलला जातो आणि ती एकच पट्टी खरखरते. फ्रेटबोर्ड शिसवाचा कर, आणि आधी त्याच शिसवाच्या टाकाऊ तुकड्यावर तीन फ्रेट बसवून बघ. फ्रेटवायर बोर्डच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वाकव, म्हणजे टोकं आधी टेकतात आणि मधला भाग दाबून बसतो. कडेच्या खाचेत टँग दीड-दोन मिलिमीटर छाटून टाक आणि भोक शिसवाच्या भुशाने बुजव. बोर्ड आक्रसला तरी टँग बाहेर येत नाही. वरचं टोकही काठाच्या किंचित आत ठेवून गोल कर. पावसाळा-उन्हाळ्याची निम्मी भानगड इथेच मिटते.

ट्रस रॉड दोन्ही बाजूंनी फिरणारा घे. त्याची खाच रॉडच्या मापाची, घट्ट. सैल राहिली तर ठरावीक सुरांना रॉड आत थरथरतो. पहिल्या फ्रेटपाशी नेकची एकूण जाडी २१ मिलिमीटर ठेवलीस, त्यात ६ चा फ्रेटबोर्ड आणि ९ ची खाच, तर मागे ६ मिलिमीटर लाकूड उरतं. कोरताना उत्साहात ते तीनवर येतं. हेडस्टॉककडे नेक वळतो तिथे सगळ्यात जास्त जपून, दर पाच मिनिटांनी कॅलिपर लाव.

बॉडीला १२ मिलिमीटर एमडीएफचं टेम्प्लेट कर. करवतीने रेषेबाहेर २ मिलिमीटर सोडून काप, मग बेअरिंगवाल्या बिटने एका वेळी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल न जाता फिरव. बॉडीच्या शिंगासारख्या टोकावर बिट लाकडाच्या रेषांविरुद्ध जातं आणि ढलपा निघतो. तिथे बिट न थांबवता हलका हात ठेव. नेकचा कप्पा १६ मिलिमीटर खोल. नेक त्यात हाताने दाबून बसला आणि बॉडी उचलली तरी पडला नाही, तर जमलं.

ब्रिजला भोकं पाडायच्या आधी नेक बसवून नटच्या दोन्ही कडांपासून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत (तार टेकते त्या सरकत्या ठोकळ्यांपर्यंत) दोन दोरे ताण. दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर दिसले पाहिजेत. एकीकडे अंतर कमी दिसलं तर ब्रिज सरकव, नेकचा कप्पा कोरत बसू नकोस. बारीक ई तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना ६४८ वर येऊ दे. जाड ई ला मागे तीन-चार मिलिमीटर सरकायला जागा राहते. ही जागा चुकली तर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) कधीच जुळत नाही, आणि बुजवलेली भोकं पॉलिशखालूनही दिसतात.

वायरिंग फार अवघड नाही. एका गुंडाळीच्या (सिंगल कॉइल) पिकअपला २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायचे फिरते नियंत्रक), दोन गुंडाळ्यांच्या (हंबकर) पिकअपला ५००. कमी ओहमच्या पॉटने वरचे सूर दबतात. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न लागतं. २५ वॉटच्या आयर्नने पॉट बराच वेळ तापून आतली पट्टी जळते आणि जोड तरीही कच्चा राहतो. ब्रिजखाली ग्राउंडची तार विसरू नकोस. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर बरोबर. वाढली तर जॅकच्या दोन तारा उलट्या लागल्यात. पॉट, कपॅसिटर, तांब्याची टेप हे सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळेल. पिकअप मात्र पहिल्या दोन-तीन गिटारींना तयारच घे.

पॉलिशला तेल लाव, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या मागे आत्ता लागू नकोस. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. उकळलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळव. शिसव आणि सागवानाच्या भुशाने बऱ्याच जणांना खाज आणि दमा होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून चांगला मास्क वापर.

शेवटची जुळवणी: ट्रस रॉडने नेक सरळ कर, फ्रेटवर मार्करची शाई लाव, सपाट दांड्यावर ४०० चा पॉलिश पेपर लावून सगळ्या फ्रेटवरची शाई जाईपर्यंत घास, मग कानशीने गोलाई दे आणि २००० पर्यंत चकाकी आण. तारा चढवून सातव्या फ्रेटपाशी ०.२ मिलिमीटर बाक, बाराव्यावर उंची १.६ ते २. नट हाडाचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद सरकेल एवढीच फट राहू दे.

आता विक्री. पहिली विकू नकोस. तिला एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात टांगून ठेव, दर महिन्याला बाक आणि फ्रेटची टोकं वहीत लिही. दुसरी-तिसरी ओळखीच्या वाजवणाऱ्यांना सामानाच्या खर्चात दे, अट एवढीच की सहा महिन्यांनी तपासायला आणायची. त्यानंतर किंमत लाव. समजा सामान १८,००० रुपयांचं, पॉलिश पेपर, गोंद, पाती यांचे २,०००, आणि तुझे ५० तास. तासाचे ३०० धरलेस तरी ३५,००० होतात. पहिल्या गिटारींना ८०-१०० तास लागतात, ते गिऱ्हाइकाच्या बिलात घालता येत नाहीत. पण ५० तास फुकट धरून किंमत पाडलीस तर वर्षभरात कंटाळशील. एकच मॉडेल ठेव. "माझ्यासाठी सात तारांची करशील का" याला वर्षभर नम्रपणे नाही म्हण, कारण प्रत्येक नवा आकार म्हणजे नवी टेम्प्लेटं आणि नव्या चुका.

हेडस्टॉकचा आकार स्वतःचा काढ आणि त्यावर दुसऱ्याचं नाव कधीही लावू नकोस, गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी. फेंडरच्या बॉडीच्या आकारांना ट्रेडमार्क देण्याचं अमेरिकेत २००९ मध्ये नाकारलं गेलं. हेडस्टॉकचे आकार मात्र नोंदलेले आहेत. शिसवाची पावती जपून ठेव. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत आहेत. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे, तरी परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवताना लाकूड कुठून आलं हे दाखवता आलं पाहिजे.

आणि प्रत्येक गिटारीबरोबर एक कार्ड दे: नेकचा ओलावा, बाक, तारांची उंची, पॉट किती ओहमचे, तारीख. एका पावसाळ्यानंतरचं सेटअप फुकट, हे त्याच कार्डावर लिही आणि त्याचे दोन तास किमतीत आधीच धर.

नेकच्या तीन पट्ट्या कापल्यास की त्यांच्या टोकांचे फोटो आणि मीटरचे आकडे पाठव. गोंद लावायच्या आधी बघू.