मुंगळा म्हणजे नेमकी कोणती मुंगी? तिचा वंश जगात कुठे कुठे आढळतो, आणि मुंगळे घरातलं लाकूड खातात का?

नाही खात. हे आधी सांगते, कारण याच गैरसमजापायी आमचा शेवगा गेला.

सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. मागच्या अंगणात शेवगा, त्याच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं बीळ. १९९६ च्या पावसाळ्यात माजघराची तुळई एका टोकाला खचली. मुंगळ्यांची रांग नेमकी त्याच भिंतीवरून जायची, म्हणून काकांनी निकाल देऊन टाकला: मुंगळ्यांनी तुळई खाल्ली. परदेशात यांना 'सुतार मुंग्या' म्हणतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

मी तेव्हा प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. भिंग घेऊन स्टुलावर चढले. वरचा पापुद्रा बोटाने दाबला तर बोट सरळ आत गेलं. आत लांब पन्हाळी, आणि त्यांत ओलसर माती लिंपलेली. ही वाळवीची खूण. लाकडात घर करणाऱ्या मुंग्या आतली भिंत स्वच्छ ठेवतात, भुसा बाहेर आणून टाकतात. मी तुकडा तोडून काकांच्या हातात दिला. ते म्हणाले, "तू अजून शिकतेयस." दुसऱ्या दिवशी बिळात रॉकेल ओतलं आणि शेवगा तोडला. मुंगळे त्या झाडावर मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या गोड चिकट स्रावासाठी चढायचे, एवढंच. वाळवी तुळईत तशीच राहिली आणि दोन वर्षांत दुसरं टोकही गेलं.

आता तुमचा प्रश्न. आपला नेहमीचा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. कॅम्पोनोटस हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मुंग्यांचा अभ्यासक मायरने १८६१ मध्ये मांडला. उपकुळ फॉर्मिसिनी, म्हणजे नांगी नाही. चावतो आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतो. भिंगातून बाजूने पाहा: कमरेला एकच गाठ, आणि पाठीची रेषा एका सलग कमानीसारखी. एकाच बिळात लहान डोक्याचे आणि थोराड डोक्याचे कामकरी असतात. त्या वेगळ्या जाती नव्हेत.

वंश प्रचंड मोठा आहे, हजाराहून जास्त जाती, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सोनेरी रेशमी लव असलेल्या पोटाचा मुंगळा दिसतो, तो कॅम्पोनोटस सेरिसियस. तोच आफ्रिकेतही आहे. वंशाच्या सीमाही बदलत राहतात. २०१६ मध्ये वॉर्ड, ब्लेमर आणि फिशर यांनी जनुकीय अभ्यासावरून कोलोबॉप्सिस हा गट पुन्हा स्वतंत्र वंश केला. त्यातल्या मोठ्या कामकऱ्यांचं डोकं बुचासारखं सपाट असतं, घराचं दार ते डोक्यानेच बंद करतात. आग्नेय आशियातला अजस्र 'गिगास' मुंगळाही तेव्हाच वेगळ्या वंशात गेला. त्यामुळे जुन्या याद्यांवर डोळे झाकून विसंबू नका.

आणि 'सुतार' हे नाव? या वंशाची नमुना-जाती, म्हणजे जिच्यावरून वंशाचं नाव ठरतं ती जाती, युरोपातली 'लिग्निपर्डा', म्हणजे लाकडाची नासाडी करणारी. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली पेनसिल्व्हॅनिकसही घरांच्या लाकडात पोखरून राहते. राहते, खात नाही. एका वंशातल्या काही जातींची सवय हजार जातींच्या माथी मारायची आणि पुण्यातला मातीत राहणारा मुंगळा फवारून मारायचा, हा शुद्ध अडाणीपणा आहे. फवारणीवाल्याला फोन करण्याआधी लाकूड ठोकून बघा, पोकळ वाजलं तर आत माती आहे का ते पाहा.

एक मात्र खरं, वंशातल्या काही जाती कुजक्या लाकडात घर करतात. चौकटीत गळतीचं पाणी मुरत असेल तर तिथेही मुंग्या शिरू शकतात. पण मग गळती काढा.

काका आता कोथरूडला सातव्या मजल्यावर राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना वाळवी लागली. तिथे ना शेवगा आहे ना मुंगळे. हे उत्तर मी त्यांनाही पाठवणार आहे. काका, तुळईचा तो तुकडा मी जपून ठेवलाय. या कधीतरी घरी, आतली माती अजून तशीच आहे.