‘प्रेसिडेंट’ म्हणजे अध्यक्ष, कुलगुरू की प्राचार्य?

‘मेंदूतज्ज्ञ सुझन हॉकफील्ड पुढे एमआयटीच्या अध्यक्ष झाल्या’ या वाक्यात (एमआयटी म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे विद्यापीठ) इंग्रजी ‘प्रेसिडेंट’साठी ‘अध्यक्ष’ बरोबर आहे की तेथे ‘कुलगुरू’ हवे, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द येथे अपुरे पडतात, आणि ‘न्यूरोसायंटिस्ट’साठी वापरलेला ‘मेंदूतज्ज्ञ’ही तपासून घ्यायला हवा.

आपल्याकडे शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष म्हणजे ती चालवणाऱ्या मंडळाचा प्रमुख. त्याने कधी वर्गात शिकवलेले असेलच असे नाही. एमआयटीच्या विश्वस्त मंडळाला कॉर्पोरेशन म्हणतात आणि त्याचा अध्यक्ष निराळा असतो. प्रत्यक्ष कारभार प्रेसिडेंटकडे असतो. हॉकफील्ड १९८५ मध्ये येल विद्यापीठात अध्यापक म्हणून आल्या, १९९८ मध्ये तेथील ग्रॅज्युएट स्कूलच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या विभागाच्या) अधिष्ठाता, २००३ मध्ये प्रोव्होस्ट (प्रमुख शैक्षणिक अधिकारी) आणि डिसेंबर २००४ मध्ये एमआयटीच्या प्रेसिडेंट झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या जीवशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतून पायरीपायरीने झालेली ही चढण ‘अध्यक्ष’ या शब्दात दिसेनाशी होते, याचे मला वाईट वाटते.

‘कुलगुरू’ कामाच्या दृष्टीने बराच जवळचा आहे. पण कुलगुरू म्हटले की त्यांच्या वर कुलपती असणार, असे मराठी वाचक धरून चालतो, कारण राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. (हिंदीत आपल्या कुलगुरूंनाच ‘कुलपति’ म्हणण्याची रूढी आहे, त्यामुळे अनुवादित बातम्यांत घोटाळा होतो.) एमआयटीत चान्सेलर (ज्याला आपण कुलपती म्हणतो) हे पद प्रेसिडेंटच्या हाताखाली येते, म्हणजे उतरंड नेमकी उलटी होते. ‘प्राचार्य’ तर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचा. अमेरिकेतील लहान कॉलेजही स्वतःची पदवी देते, म्हणून त्याच्या प्रेसिडेंटलाही तो शब्द तोकडा पडतो.

‘मेंदूतज्ज्ञ’ वाचताच रुग्ण तपासणारा डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. हॉकफील्ड यांचे संशोधन मेंदूच्या विकासावर आणि ग्लायोमा या मेंदूतील गाठींवर होते. जुना ‘मज्जाशास्त्रज्ञ’ अस्थिमज्जेकडे नेतो. पाठ्यपुस्तकांत न्यूरॉनसाठी ‘चेतापेशी’ रुळला आहे, म्हणून ‘चेतावैज्ञानिक’ मला नेमका वाटतो.

मी ते वाक्य असे लिहीन: ‘चेतावैज्ञानिक सुझन हॉकफील्ड २००४ मध्ये एमआयटीच्या प्रेसिडेंट, म्हणजे तेथील सर्वोच्च शैक्षणिक व प्रशासकीय अधिकारी, झाल्या.’