नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे नव्हे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर तू विचारलेल्या प्रश्नाला मी उभ्याउभ्या तुटक उत्तर दिले, म्हणून हे पत्र. घोडबंदर रोडवरच्या तुझ्या चष्म्याच्या दुकानात माणसामागे बारा मिनिटे ठरवून दिली आहेत. मधुमेह असलेल्या एका बाईंना तू थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगितलेस, त्या चष्मा न घेताच निघून गेल्या आणि तुला बोलणी खावी लागली. त्यांना सांगायला नको होते का, असे तू विचारलेस. हा प्रश्न माझ्याकडे शिकलेल्या मुलीने विचारावा याचा मला राग आला. राग निवल्यावर लक्षात आले की ज्या गोष्टीमुळे मी एवढा हट्टी झालो, ती मी तुला कधी सांगितलीच नाही.

माझ्या नौपाड्यातल्या दुकानात कोपरीचे एक शिंपी येत. सहा वर्षांत मी त्यांना तीन चष्मे करून दिले आणि तिन्ही वेळा ते तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचून गेले. चौथ्यांदा आले तेव्हा तक्रार वेगळी होती: बाजूने येणारी रिक्षा एकदम समोर उगवते. मी तपासले, दोन्ही डोळे ६/६, म्हणजे तक्त्यावर नजर अगदी पूर्ण. गंमत म्हणून त्यांनी खिशातली सुई काढून माझ्यासमोर पहिल्याच खेपेत दोरा ओवला आणि हात खाली घेताना कोपराजवळचा चहाचा पेला लवंडला. तो पेला त्यांना दिसलाच नव्हता. नेत्रतज्ज्ञांकडे काचबिंदू निघाला. मधली नजर शाबूत होती, भोवतालची गेली होती. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे तुला सांगायला नको. मला मात्र ते म्हणाले, "तुम्ही तर दर वेळी डोळे तपासत होतात."

मी डोळे तपासत नव्हतो, नंबर काढत होतो. नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे नव्हे, हे वाक्य त्या दिवसापासूनचे आहे.

तेव्हा माझ्याकडे डोळ्याचे प्रेशर मोजायचे यंत्र नव्हते, हे खरे आहे. आणि असते तरी काय, प्रेशर १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत असतानाही काही जणांची डोळ्यामागची नस काचबिंदूने झिजतेच, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला समजावत आलो. पण नस पाहायला ऑफ्थॅल्मोस्कोप लागतो आणि तो माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होता. बाहेर बाकावर चार गिऱ्हाइके बसलेली असत, म्हणून तो खणातच राहिला. हेल्महोल्ट्झने ते उपकरण १८५१ साली केले आणि स्नेलेनचा तक्ता आला १८६२ साली. डोळ्याच्या आत पाहण्याची सोय तक्त्याहून अकरा वर्षे जुनी, तरी आपण भिंतीवर तक्ता टांगला आणि तेवढ्यावर दुकान चालवले.

आता त्या बाईंविषयी. तू त्यांना सांगितलेस ते योग्यच होते, पण कसे सांगितलेस? आंधळेपणाची भीती घातली असशील. लोक तपासणीला नाही म्हणत नाहीत, दुपार वाया जाण्याला नाही म्हणतात. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पुढे काही तास जवळचे धूसर दिसते, तर ज्या बाईला साडेचारला नातवाला शाळेतून आणायचे आहे ती निघून जाणारच. तिला म्हणावे, सुट्टीचा दिवस ठरवा, सोबत कोणाला आणा, स्वतः गाडी चालवू नका. हेही सांगावे की टाइप २ मधुमेह कळतो त्याच वेळी पडदा पाहायचा आणि पुढे साधारण दरवर्षी, कारण पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसू लागले तरी तक्ता नीट वाचता येतो.

बारा मिनिटांचे रडगाणे मला सांगू नकोस. घरात कोणाला काचबिंदू आहे का, साखर आहे का, कोणी स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालत आहे का, हे विचारायला एक मिनिट पुरते. चाळिशी लावायला आलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्या खुर्चीत बसलेला असतो. त्याला नुसता वाचायचा चष्मा देऊन पाठवलेस तर तो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. त्या शिंप्यांच्या धाकट्या भावाला मी जवळजवळ ओढून डॉक्टरांकडे नेले. त्याला काहीही त्रास नव्हता, काचबिंदू नुकताच सुरू झाला होता. आज तो रात्री थेंब घालतो आणि रस्ता नीट ओलांडतो. याने माझी आधीची चूक भरून निघाली असे मी कधीकधी म्हणतो. बायको म्हणते, निघाली नाही. तिचेच बरोबर असावे.

नोकरी सोडावी का, हे मी सांगणार नाही. मात्र तिथे राहिलीस तर नंबराच्या प्रत्येक कागदावर काय तपासले नाही तेही लिही. मी त्यासाठी रबरी शिक्का करून घेतला होता: "ही फक्त नंबरची तपासणी आहे. पडदा, प्रेशर व नस तपासलेली नाही." शेजारचे दुकानदार हसत, गिऱ्हाइके विचारत, मग तपासले काय? हाच प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता. तो शिक्का अजून माझ्याकडे आहे. रविवारी येऊन घेऊन जा. खाली माझ्या दुकानाचा पत्ता कोरलेला आहे, तेवढा ब्लेडने काढून टाकावा लागेल.

तुझा,
सर