रिकामा रकाना

प्रिय,

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तर लगेच लिहिता आले असते. पण तू विचारलेला प्रश्न मला कामाच्या सुरुवातीला फार सोपा वाटला होता आणि त्या सोपेपणाचा भुर्दंड भलत्याच व्यक्तीला भरावा लागला, म्हणून या वेळी घाई केली नाही. तू लिहितेस की बाळाला दत्तक द्यायला आलेली आई "माझे नाव कुठेही लिहू नका" म्हणाली, दत्तक घेणाऱ्या जोडप्यालाही तिच्याविषयी काही ऐकायचे नाही, आणि अर्जातला एक रकाना असा दोन्ही बाजूंच्या संमतीने कोरा राहतो आहे. सगळे राजी असताना आपण अडून का बसायचे, हा तुझा प्रश्न आहे.

सगळे राजी नाहीत. ज्याच्याविषयी हा कागद आहे त्याला अजून मानसुद्धा सावरता येत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ते बाळ मोठे होऊन तुमच्या कपाटासमोर उभे राहील, तेव्हा आज संमती देणाऱ्यांपैकी बहुधा कोणीच तिथे नसेल. असेल ती फक्त तू केलेली नोंद. आपले जन्मदाते कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क पुढे न्यायालयांत कितीही गाजला, तरी तो वाचतो किंवा बुडतो तो आजच्या या कागदावर, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

आधी कायदा. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या सातव्या कलमाने प्रत्येक मुलाला जन्मताच नोंदणीचा, नावाचा, राष्ट्रीयत्वाचा आणि 'शक्य असेल तेथवर' आपल्या आईवडिलांना जाणण्याचा व त्यांच्याकडून सांभाळ होण्याचा हक्क दिला आहे. 'शक्य असेल तेथवर' या शब्दांवर वकील मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. मी त्यांचा अर्थ साधा लावत आले आहे: जे आपण विचारू शकत होतो आणि विचारले नाही, ते अशक्य होते असे म्हणता येत नाही. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या हेग करारातही मुलाच्या मुळाची माहिती, आईवडिलांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास जपून ठेवण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकलेली आहे. माहिती कुणाला केव्हा दाखवायची हे तिथे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे, पण जपण्याबाबत अशी सूट नाही. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकात आहे.

बालहक्क संहितेचे आठवे कलम मुलाच्या ओळखीविषयी आहे आणि ते अर्जेंटिनाच्या पुढाकाराने आले. त्यामागची हकीकत या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत पकडून नेलेल्या गर्भवती स्त्रियांची बाळे कैदेत जन्मली आणि खोट्या जन्मनोंदींच्या आधारे अनेकदा राजवटीशी जवळीक असलेल्या घरांत दिली गेली. १९७७ पासून त्या बाळांच्या आज्या एकत्र येऊन शोध घेऊ लागल्या. मधली पिढीच नाहीशी झालेली असताना नाते सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञांपुढे ठेवला. त्यातून आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची पद्धत पुढे आली आणि १९८७ मध्ये त्या देशाने कायद्याने राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी उभी केली. शंभराहून अधिक नातवंडे अशी ओळखली गेली. मला मात्र या हकीकतीत राहून राहून दिसतो तो जन्मनोंदीचा कागद. तोही कुणीतरी टेबलाशी बसून भरलाच असणार.

तुझ्यासमोरची आई स्वतःहून आली आहे आणि तुझ्या हातून असले काही होणार नाही, हे मी जाणते. तिची भीती खरी आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. या भीतीचे काय करायचे, याविषयी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाच. फ्रान्समध्ये स्त्रीला ओळख गुप्त ठेवून बाळंत होण्याचा हक्क आहे. तशा जन्मलेल्या एका स्त्रीने दाद मागितली तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी फ्रान्सच्या बाजूने कौल दिला; तिथे २००२ च्या कायद्याने एक मंडळ नेमलेले होते आणि ते आईला गाठून "आता नाव सांगू का?" असे विचारू शकत होते, ही बाब त्या कौलात महत्त्वाची ठरली. इटलीतल्या तशाच प्रकरणात २०१२ मध्ये निकाल उलटा लागला, कारण तिथे आईला पुन्हा विचारण्याची सोयच नव्हती. म्हणजे आईने आज दिलेला नकार मान्य करता येतो. तो कायमचा कुलूपबंद करून किल्ली फेकून देता येत नाही.

आता माझे सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दिवसातली पाचवी मुलाखत असावी, एक आई माझ्यासमोर जवळजवळ तासभर बसली होती. ती थोडे बोलली, बराच वेळ गप्प राहिली. मी तिला पाणी दिले, सही घेतली आणि संध्याकाळी अहवालात लिहिले: "मातेविषयी माहिती उपलब्ध नाही." तेव्हा मला ते दयाळूपणाचे वाटले होते. तेवीस वर्षांनी तिची मुलगी आली. फाईल सात पानांची होती. तिने ती दोनदा वाचली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "उपलब्ध नव्हती, की विचारली नाही?" मला आठवत होते ते सांगितले: हिरवी साडी, उजव्या हाताने डावे मनगट घट्ट धरून बसण्याची सवय, आणि निघताना तिने विचारलेला एकच प्रश्न, बाळाला दूध पचते आहे ना. मुलगी स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. हे सगळे त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहिता आले असते. मुलगी आली त्या दिवशी मी कामावर नसते तर तिला तेवढेही मिळाले नसते.

याच्या उलट एक फाईल मला आठवते. तिच्यात नाव-गाव काहीच नव्हते, कारण बाळ सोडून दिलेले सापडले होते. पण रात्रपाळीच्या दाईने एका चिठोऱ्यावर लिहून ठेवले होते की बाळ डाव्या कुशीवरच झोपते आणि गोधडीची कड मुठीत नसली तर रडते. चाळिशीच्या त्या गृहस्थाने बाकीची पाने पटापट उलटली आणि तो चिठोरा मात्र खिडकीशी नेऊन वाचला. जन्मदात्यांचा माग न लागलेल्या माणसालाही आपल्या सुरुवातीचा साक्षीदार हवा असतो. ब्रिटनमध्ये अनाथालयांत आणि पालक-कुटुंबांत वाढलेल्या एका तरुणाने आपली फाईल मागितली, तेव्हा १९८९ मध्ये याच युरोपीय न्यायालयाने म्हटले की स्वतःचे बालपण समजून घेण्यासाठी लागणाऱ्या माहितीत अशा माणसाचे जिव्हाळ्याचे हित गुंतलेले असते. माहिती देणाऱ्याने संमती नाकारली तर तोच शेवटचा शब्द ठरू नये, निर्णय स्वतंत्र यंत्रणेने घ्यावा, असेही त्यात होते.

दत्तक पालकांशी बोलताना बहुतेक गडबड एका शब्दाने होते, आणि तो शब्द म्हणजे 'खरे आईवडील'. तो तुझ्या तोंडी कधीही येऊ देऊ नकोस, 'जन्मदाते' म्हण. ज्यांनी तापात रात्री जागून काढल्या त्यांना आपण खोटे ठरवले जात आहोत असे वाटले, की ते दार लावून घेतात. जाणणे आणि नाते जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून जुन्या, गुप्ततेचे आश्वासन मिळालेल्या शुक्राणूदात्यांची ओळखही त्यांच्यापासून जन्मलेल्यांना खुली केली, पण त्याचबरोबर दात्याला "मला संपर्क नको" अशी नोंद करण्याची मुभा ठेवली. स्वीडनने दात्याच्या निनावीपणाला १९८५ पासूनच मूठमाती दिली आहे आणि ब्रिटनने एप्रिल २००५ पासून. स्कॉटलंडमध्ये तर दत्तक गेलेल्या मुलाला सतराव्या (आता सोळाव्या) वर्षी मूळ जन्मनोंद पाहण्याची मुभा १९३० च्या कायद्यापासून आहे. त्याने तिथली घरे मोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मुलाला कधी सांगावे असे पालक विचारतील. सांगितल्याचा दिवस मुलाला आठवू नये, इतक्या लहानपणी. केंब्रिज विद्यापीठातील सुझन गोलोम्बोक यांच्या गटाने दात्यांच्या किंवा सरोगसीच्या मदतीने झालेल्या कुटुंबांचा वीस वर्षे पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, सात वर्षांच्या आत सांगितले गेलेल्या मुलांचे आईशी नाते अधिक बरे असल्याचे नोंदवले. या संदर्भात आपल्याकडे कर्णाचे उदाहरण हटकून निघते. त्यातून मी एकच गोष्ट घेते: त्याला सत्य सांगितले गेले ते सांगणाऱ्यांना गरज पडली तेव्हा, युद्धाच्या तोंडावर. लग्न ठरताना, भांडणात किंवा वाटण्यांच्या वेळी ज्यांना आपला जन्म कळला, अशी माणसे तुला भेटतील. त्यांचा राग जन्मदात्यांवर क्वचित असतो. इतकी वर्षे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते यावर असतो.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या काळी नव्हती. नाव कधीच कळणार नाही, असे वचन आता कुणालाही देऊ नकोस. लाळेचा नमुना पाठवून घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांत आईने स्वतः नमुना द्यावा लागत नाही. तिच्या एखाद्या चुलत-मावस भावंडाने दिला तरी माग लागू शकतो. ज्याची हमी आपल्या हातात नाही, त्याच्या भरवशावर तिला सही करायला लावणे ही फसवणूक होईल. हे तिला समजावून सांगायला जड जाईल, तरी सांग.

गुरुवारी ती सहीसाठी परत येणार आहे, असे तू लिहिले आहेस. खोलीत तिसरे माणूस नको आणि वेळ मोजून देऊ नकोस. तुमच्या इथला कायदा तिला नाव बंद ठेवण्याची मुभा देत असेल तर ते आधीच सांग, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. मग नावाचा विषय बाजूला ठेवून बाकीचे विचार: घरात मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, मानसिक आजार कुणाला, कोणत्या वयात, बाळंतपण कसे झाले, ती कशात हुशार होती, बाळाला तिने मनातल्या मनात काही नावाने हाक मारली होती का. बाळाच्या वडिलांविषयीही विचार, आणि उत्तर आले नाही तर "विचारले, सांगितले नाही" असेच लिही, 'उपलब्ध नाही' लिहू नकोस. तिचे शब्द तिच्याच भाषेत उतरव, सुधारू नकोस. तिची तयारी असेल तर नाव एका पाकिटात घालून तिच्यासमोर बंद कर, त्यावरची तारीख तिला स्वतःच्या हाताने लिहू दे, आणि पुढे कधी मन बदलले तर कुणाकडे यायचे ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ दे. लिहायची तयारी नसेल तर तेही नोंदव, आणि ती उठून गेल्यावर लगेच, दुसरी मुलाखत घेण्याआधी, ती कशी दिसत होती ते लिहून काढ.

तुझी,
एक जुनी सहकारी